डी ड्राइव्ह 'रॉ' दिसतोय, डिस्क टकटक करतेय: चेकडिस्क चालवू की आधी कॉपी काढू?

पाणचक्की:

डेस्कटॉपमधली दुसरी डिस्क आहे. १ टीबी, ३.५ इंची, साटा. विंडोज १० वेगळ्या एसएसडीवर आहे, ती ठणठणीत. गेले काही दिवस डी ड्राइव्हवरचं फोल्डर उघडायला मिनिट-मिनिट लागत होतं. आता ड्राइव्हवर क्लिक केलं की 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' असा चौकोन येतो आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये एनटीएफएसच्या (विंडोजची नेहमीची फाइलसिस्टम) जागी 'रॉ' दिसतं. बायोसमध्ये डिस्कचं नाव आणि क्षमता बरोबर येते. फिरण्याचा आवाज नेहमीचाच, पण वाचायला गेलं की अधूनमधून हलकी टकटक.

क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर) पिवळ्या रंगात 'कॉशन' दाखवतंय. रॉ व्हॅल्यूच्या रकान्यातले शेवटचे आकडे असे: ०५ समोर ७८, सी५ समोर ३५०, सी६ समोर ३५०, सी७ समोर ०.

आत साधारण ४०० जीबी माल आहे: फोटो, व्हिडिओ, वर्ड-एक्सेलच्या फाइली, आउटलुकची एक मोठी पीएसटी (मेलची फाइल). बॅकअप नाही (बोलणी खायची तयारी आहे). हाताशी २ टीबीची रिकामी एक्स्टर्नल डिस्क आहे.

चेकडिस्क चालवू का? की एखादं रिकव्हरी सॉफ्टवेअर थेट या डिस्कवर सोडू? तिसरा सल्ला असा मिळालाय की त्याच मॉडेलची डिस्क आणून तिचा सर्किट बोर्ड याला लावायचा.

---

सेक्टर६३:

तिन्ही प्रश्नांचं उत्तर 'नको' असंच आहे. आधी मशीन बंद करा आणि त्या डिस्कची डेटा केबल काढून ठेवा. नुसतं विंडोज चालू ठेवलं तरी ते त्या डिस्कला ढोसत राहतं. शिवाय पुढच्या वेळी सुरू होताना ड्राइव्ह अर्धवट ओळखू आला, तर चेकडिस्क न विचारता सुरू होऊ शकतं.

चेकडिस्कचं काम फाइलसिस्टमचा हिशोब जुळवणं आहे, तुमच्या फाइली वाचवणं नाही. फाइलची नोंद ज्या सेक्टरमध्ये आहे तो वाचता आला नाही, की ती नोंद खराब समजून ते काढून टाकतं आणि वर 'दुरुस्त केलं' म्हणून सांगतं. 'आर' पर्याय दिलात तर अख्खा पृष्ठभाग वाचत बसतं, म्हणजे थकलेल्या बैलाला पुन्हा घाण्याला जुंपायचं. ड्राइव्ह 'रॉ' असेल तर चेकडिस्क बहुधा नकारच देतं. तुमच्या बाबतीत ते चांगलंच झालं म्हणा. डिस्क मॅनेजमेंट कधी 'इनिशियलाइज' करायचं का विचारतं, तिथेही नाहीच म्हणायचं.

आता आकडे. क्रिस्टलडिस्कइन्फो मुळात रॉ व्हॅल्यू हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या पायावरच्या मोजणीत) दाखवतं, त्यामुळे पुष्कळ जण चुकीचा आकडा धरून चालतात. तुमचे ३५० म्हणजे ३ गुणिले २५६ अधिक ५ गुणिले १६, म्हणजे ८४८. तसेच ७८ म्हणजे १२०. (फंक्शन, अ‍ॅडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज इथे जाऊन दशमान करता येतं.)

०५ हे बदली दिलेले सेक्टर. १२० सेक्टर डिस्कने आधीच राखीव जागेत हलवलेत. सी५ हे प्रलंबित (सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे, त्यांचा आकडाही तोच): वाचायला गेली, जमलं नाही, पण तिथे नवीन काही लिहिलं जाईपर्यंत डिस्क त्यांचा निकाल लावत नाही. ८४८ ला ८ ने पूर्ण भाग जातो, १०६ येतात. डिस्क बाहेर ५१२ बाइटचे सेक्टर सांगते, पण आतला खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो, म्हणून एक दुखावला की आठ मोजले जातात. तेव्हा आत्तापर्यंत ठाऊक झालेल्या दुखऱ्या जागा १०६. ठाऊक न झालेल्या याहून जास्तच असणार, कारण अख्खी डिस्क अजून कोणी वाचलेलीच नाही.

सी७ म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका. तो शून्य आहे, म्हणजे केबल निर्दोष. तो आकडा हजारांत असता आणि सी५ शून्य असता, तर साटा केबल बदला एवढंच सांगितलं असतं.

टकटक कोणती, हे इथून ऐकू येत नाही, उंटावरून शेळ्या हाकणं आहे. तरी ढोबळ फरक असा: वाचताना एखाद्या जागी अडून दोन-तीनदा टक् होऊन पुढे सरकत असेल, तर डिस्क खराब सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतेय. वीज दिल्याबरोबर एका लयीत टक्-टक्-टक् आणि मग फिरणं थांबत असेल, तर हेड (तबकडी वाचणारं टोक) गेलं. पहिल्या प्रकारात घरी काम होतं. दुसऱ्यात वीज काढायची आणि लॅबकडे द्यायची, मधलं काहीही करायचं नाही. बायोसमध्ये क्षमता बरोबर येते याचा अर्थ डिस्कला स्वतःचं फर्मवेअर (तिला चालवणारा आतला प्रोग्रॅम) प्लॅटरवरून, म्हणजे आतल्या तबकडीवरून, वाचता येतंय, म्हणजे निदान काही हेडं शाबूत आहेत. तुमचं प्रकरण पहिल्या प्रकारातलं दिसतंय.

या डिस्कचं किती वाचन शिल्लक आहे ते कोणालाच माहीत नाही. जे आहे ते एकदाच, सेक्टरवार कॉपी काढण्यात खर्च करा. बाकीचे सगळे प्रयोग कॉपीवर. पुढचं टर्मिनलतात्या सांगतील.

---

टर्मिनलतात्या:

डीडीरेस्क्यू वापरा. ग्नूचं आहे, फुकट आहे. साधी कॉपी खराब सेक्टरशी अडून बसते. हे तिथून उडी मारून पुढे जातं, सोपा भाग आधी उचलतं आणि कुठे काय झालं ते एका मॅप फाइलमध्ये लिहीत जातं. नावात दीड शहाणपणा नको: साधं 'डीडी' वेगळं, त्याने हे काम करू नका.

जोडणी. दुखरी डिस्क थेट मदरबोर्डच्या साटा पोर्टला लावा, यूएसबी डॉकमधून नको. वाचनात चूक झाली की स्वस्त यूएसबी ब्रिज स्वतःच अडकतात आणि दोष डिस्कचा वाटतो. डिस्क आडवी, स्थिर, खाली कडक काहीतरी, आणि वरून एक पंखा. ४५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. फिरत असताना उचलायची नाही.

सिस्टमरेस्क्यूचा (पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा. त्यात डीडीरेस्क्यू, टेस्टडिस्क, स्मार्टसीटीएल सगळं आहे आणि ते डिस्का आपणहून माउंट करत नाही, म्हणजे वापरासाठी उघडत नाही. साध्या डेस्कटॉप लिनक्समध्ये फाइल मॅनेजरमध्ये चुकून ड्राइव्हवर टिचकी मारली की झालं माउंट.

इमेज (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली कॉपी) ठेवायची एक्स्टर्नल डिस्क एनटीएफएस, एक्सफॅट किंवा ईएक्सटी४ असावी. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपर्यंतच जाते, तिथेच गाडी थांबेल. तुमच्या १ टीबी डिस्कची खरी मापं १,९५,३५,२५,१६८ सेक्टर, म्हणजे १००० जीबीला किंचित वर. इमेज तेवढीच होणार, भरलेल्या जागेएवढी नाही. त्यावर काढलेल्या फाइलींचे ४०० जीबी. २ टीबीत बसतं.

आता सगळ्यात धोक्याची जागा: स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल. 'एसडीबी', 'एसडीसी' या नावांवर विसंबू नका. डिस्क मधेच गळून परत आली की कालची एसडीबी आज एसडीडी होते. 'डेव्ह' मधल्या 'डिस्क', 'बाय-आयडी' या फोल्डरमध्ये मॉडेल आणि सीरियल नंबरसकट नावं असतात, तीच वापरा. डिस्कवरच्या स्टिकरशी सीरियल ताडून बघा. मोठ्याने वाचा, हसू येऊ द्या, पण वाचा.

कमांडचा क्रम (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत): डीडीरेस्क्यू, मग पर्याय, मग स्रोत, मग इमेज फाइल, मग मॅप फाइल. पहिल्या फेरीत पर्याय दोन: छोटा 'डी' म्हणजे कर्नलचा कॅश वगळून थेट वाच, आणि छोटा 'एन' म्हणजे खराब भाग खरवडत बसू नकोस. मॅप फाइल एक्स्टर्नल डिस्कवरच ठेवा. लाइव्ह पेनड्राइव्हच्या होम फोल्डरमध्ये ठेवलीत तर ती रॅममध्ये असते. वीज गेली की मॅप गेला, आणि मॅप गेला की कुठे काय वाचलं याचा हिशोब गेला. मॅप असेल तर तीच कमांड पुन्हा दिली की काम जिथे थांबलं तिथून सुरू होतं.

वेळ: १०० एमबी प्रतिसेकंद धरले तर १ टीबीला पावणेतीन तास. वेग ५ एमबीवर आला तर पंचावन्न तास. डिस्कच्या शेवटाकडे वेग निम्म्यावर येणं हा आजार नाही, आतले ट्रॅक लहान असतात म्हणून तसं होतं. ११० वरून अचानक ३०० केबीवर आला तर ती दुखरी जागा.

पहिली फेरी संपली की दुसरी: 'एन' काढायचा, 'डी' ठेवायचा, 'आर' पुढे १. त्यात खरवडणं आणि एकदा फेरप्रयत्न होतो. सुरुवातीलाच 'आर ३' देऊन मोकळं व्हा असे सल्ले जागोजागी सापडतील. देऊ नका. सोपा ९९ टक्के भाग हातात यायच्या आधी अवघड जागी डोकं आपटत बसलं आणि त्यातच हेड गेलं, तर तेलही गेलं नि तूपही गेलं.

आणि हो, ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचं एन्क्रिप्शन) असेल तर इमेजही कुलूपबंदच येणार. ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधून ठेवा. मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉग इन केलं असेल तर बहुधा तिथे सापडते.

---

उंबरठा:

डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची, मग तासभर चालते. हे कोणी कसं सांगितलं नाही?

---

सेक्टर६३:

कारण ते करू नये. हेड प्लॅटरच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगतं. फ्रीजरमधून काढल्याबरोबर हवेतला ओलावा थंड धातूवर जमतो. बहुतेक हवेच्या डिस्कांना फिल्टर लावलेलं भोक असतं, आतली हवा काही सीलबंद नसते. त्या दवाच्या थेंबाला हेड धडकलं की चरा पडतो, आणि चरा पडलेली जागा लॅबलाही परत देता येत नाही. पूर्वी हेड प्लॅटरला चिकटून बसायचं दुखणं असलेल्या जुन्या डिस्का होत्या, तिथून ही समजूत आली. पाणचक्की यांची डिस्क फिरतेय, चिकटलेली नाही. इथे लागू होण्यासारखं त्यात काहीच नाही.

---

पाणचक्की:

बिटलॉकर नाही. सांगितल्याप्रमाणे सुरू केलं. पहिले ४१ टक्के सरळ गेले, ११५ एमबीच्या आसपास. मग वेग खाली आला, अडखळत ४३ पर्यंत गेलं, आणि मग विचित्रच: वाचन शून्य, पण चुकांचा आकडा सेकंदाला शेकड्यांनी वाढायला लागला आणि टक्के भराभर पुढे पळायला लागले. घाबरून कंट्रोल-सी केलं. आता एलएसबीएलकेमध्ये (डिस्कांची यादी दाखवणारी कमांड) डिस्क दिसतच नाही. मेली का?

---

टर्मिनलतात्या:

मेली नाही, रुसली आहे. एका खराब जागी डिस्कचं फर्मवेअर इतका वेळ अडकलं की कर्नलने वाट बघून (मुळात ३० सेकंद धरलेली असतात) तिला रीसेट केलं. तरी उत्तर आलं नाही म्हणून यादीतून काढून टाकलं. त्यानंतर डीडीरेस्क्यू एका रिकाम्या खुर्चीला प्रश्न विचारत होतं आणि प्रत्येक 'उत्तर नाही' ही चूक म्हणून मॅपमध्ये लिहीत होतं. थांबवलंत ते योग्य केलंत.

नुसतं रीस्टार्ट पुरत नाही, डिस्कची वीज पूर्ण जायला हवी. मशीन बंद, पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद, एखादं मिनिट थांबा, मग चालू. बायोसमध्ये क्षमता पुन्हा बरोबर दिसते का बघा. मॅप फाइलची एक प्रत करून ठेवा.

मॅपमध्ये आता खोट्या चुका आहेत. तीच कमांड द्या, फक्त या एका वेळी मोठा 'ए' जोडा. तो अर्धवट सोडलेले भाग 'अजून पाहिलेच नाहीत' असे मानतो. पुढच्या वेळी 'ए' काढून टाकायचा.

आणि ती ४३ टक्क्यांची जागा टाळायची. मोठा 'आर' दिला की डीडीरेस्क्यू शेवटाकडून सुरुवातीकडे वाचतं. मधल्या खड्ड्यापाशी ते पलीकडून पोहोचेल, तोवर बाकीचे पंचावन्न-छप्पन्न टक्के हातात आलेले असतील. उलटं वाचताना डिस्कचं पुढचं-वाचून-ठेवण्याचं गणित निकामी होतं, म्हणून वेग कमी दिसेल. काळजी करू नका. छोटा 'आर' आणि मोठा 'आर' यांचा गोंधळ करू नका, हे दोन वेगळे पर्याय आहेत.

डीडीरेस्क्यूव्ह्यू नावाचं छोटं खिडकीवालं साधन मॅपचं चित्र काढतं. ते उघडून बघा. लाल ठिपके एका पट्ट्यात गोळा झालेले असतील तर पृष्ठभागाचा एक भाग खराब आहे. पण संपूर्ण डिस्कभर ठरावीक अंतराने झेब्र्यासारखे पट्टे असतील, चार हेडांपैकी एक गेल्यास साधारण पाव भाग, तर तिथेच थांबा. एक हेड गेलेलं असताना बाकीच्यांकडून काम काढणं हे लॅबच्या हार्डवेअरचं काम. लॅबवाले गेलेलं हेड वगळून वाचू शकतात, आपण नाही.

---

कथील:

बोर्ड बदलण्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. इथे उपयोग शून्य आहे, कारण फिरणारी, ओळखू येणारी डिस्क म्हणजे बोर्ड चालू आहे. पण तो सल्ला पसरतो तेव्हा अर्धाच पसरतो.

बोर्डवर एक आठ पायांची छोटी रॉम चिप असते (काही मॉडेलांत तीच मुख्य चिपच्या पोटात असते). त्या एका डिस्कच्या हेडांची कारखान्यात मोजलेली मापं तिच्यात असतात. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची मापं वेगळी. नुसता बोर्ड बदलला तर डिस्क फिरेल, टकटक करेल आणि ओळखू येणार नाही. बोर्ड बदलायचा तर जुनी रॉम काढून नव्या बोर्डवर डकवावी लागते, तीही हॉट एअरने. मॉडेल सारखं असून भागत नाही, बोर्डावर छापलेला नंबर जुळावा लागतो.

घरी करण्यासारखी बोर्डाची दुरुस्ती एकच आहे. १२ व्होल्टच्या एक्स्टर्नल डिस्कला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लागला, आणि डिस्क गप्प. पॉवर कनेक्टरजवळ दोन टीव्हीएस डायोड असतात, एक ५ व्होल्टच्या वाटेवर, एक १२ च्या. जास्त व्होल्टेज आलं की ते स्वतः शॉर्ट होऊन मागच्या बोर्डाला वाचवतात. लक्षण ठरलेलं: अशी डिस्क डेस्कटॉपला लावली की अख्खा पॉवर सप्लायच सुरू होत नाही. मल्टिमीटर ओहमवर ठेवून साटा पॉवरच्या १३, १४, १५ नंबरच्या पिना (१२ व्होल्ट) आणि ग्राउंड यांच्यात मोजा, मग ७, ८, ९ (५ व्होल्ट) आणि ग्राउंड यांच्यात. जिथे जवळजवळ शून्य ओहम, तो डायोड मेलेला. तो उचटून काढला की शॉर्ट जातो आणि बहुतेक वेळा डिस्क उठते. आता तिला संरक्षण नाही, म्हणून भरवशाच्या सप्लायवर लावून कॉपी काढायची, संपलं.

एक्स्टर्नल डिस्कवाल्यांसाठी आणखी एक. डब्यातून काढून थेट साटाला लावण्याची घाई करू नका. काहींच्या ब्रिज बोर्डात एन्क्रिप्शन असतं. पासवर्ड ठेवलेला नसला तरी सगळं त्यातूनच लिहिलं जातं, आणि बोर्डाशिवाय वाचलं तर नुसता कचरा दिसतो. लहान २.५ इंची डिस्कांत तर पुष्कळदा साटाच नसतो, यूएसबी सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डावर असतं.

---

पाणचक्की:

डिस्क परत आली. उलट्या दिशेने आणखी दोनदा गळली, दोन्ही वेळा वीज काढून पुढे चालवलं. पट्टे नाहीत, सगळा लाल भाग ४२ ते ४४ टक्क्यांत, शिवाय अगदी सुरुवातीला एक बारीक ठिपका. दुसरी फेरीही झाली. न वाचलेला भाग १९ एमबी, वाचलेला ९९.९९८ टक्के. आता या १००० जीबीच्या गोळ्यातून फाइली कशा काढायच्या? आणि १९ एमबी कोणत्या फाइलींतले गेले हे कळेल का?

---

सेक्टर६३:

उत्तम निकाल. आता जुनी डिस्क काढून अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवा. इमेजमधून फाइली तपासून होईपर्यंत तिला हात नाही.

सुरुवातीचा तो बारीक ठिपका म्हणजेच तुमचं 'रॉ'. पार्टिशनचा पहिला सेक्टर, बूट सेक्टर, वाचता आला नाही म्हणून विंडोजला एनटीएफएस ओळखूच आलं नाही. ४०० जीबी जागच्या जागी असताना एका सेक्टरपायी फॉरमॅटचा चौकोन आला.

कोणत्या फाइली दुखावल्या हे कळतं, पण ते फाइली काढायच्या आधी करायचं. न वाचलेल्या जागी इमेजमध्ये आत्ता शून्यं आहेत. शून्यं खऱ्या फाइलींतही असतात, म्हणून शोधता येत नाहीत. तेव्हा तिथे खूणगाठ भरायची. एका छोट्या टेक्स्ट फाइलमध्ये सहसा कुठे न सापडणारा एखादा शब्द लिहा. मग डीडीरेस्क्यूला 'फिल-मोड' पर्याय द्या, बरोबरच्या चिन्हानंतर एक आडवी रेघ. ती रेघ म्हणजे मॅपमधले 'खराब' ठरलेले भाग. इथे स्रोताच्या जागी ती टेक्स्ट फाइल येते, लक्ष्य म्हणजे इमेज, मग मॅप. ते फक्त खराब जागांवर तो शब्द पुन्हा पुन्हा भरतं. चांगल्या भागाला हात लावत नाही. अर्थात मॅप बरोबर असला तर, म्हणून मॅपची प्रत आधी.

मग फाइली काढा. इमेजमध्ये एनटीएफएसचा सांगाडा जवळपास पूर्ण आहे, म्हणून नावं आणि फोल्डर सकट सगळं मिळायला हवं. दोन वाटा आहेत. टेस्टडिस्क (पार्टिशन दुरुस्त करणारं साधन) इमेजवर उघडायचं, पार्टिशन निवडून 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये 'बूट' बघायचं. एनटीएफएस बूट सेक्टरची प्रत पार्टिशनच्या शेवटी ठेवतं, ती ठीक असेल तर टेस्टडिस्क ती पुढे आणून बसवतं. किंवा इमेजमध्ये काहीच न लिहिता डीएमडीई हे रिकव्हरी सॉफ्टवेअर वापरायचं. ते सांगाडा स्वतःच्या स्मृतीत उभा करतं. त्याच्या फुकट आवृत्तीत एका वेळी एकाच फोल्डरातल्या ४००० फाइली निघतात. फोल्डर-फोल्डर करत पुरतं, कंटाळा येतो इतकंच. मला दुसरी वाट बरी वाटते.

फाइली बाहेर आल्या की ग्रेपने (फाइलींत शब्द शोधणारी लिनक्सची कमांड) त्या सगळ्यांत तुमचा खुणेचा शब्द शोधा, फक्त फाइलींची नावं छापायला सांगा. ती यादी म्हणजे दुखावलेल्या फाइली. १९ एमबी एकाच पट्ट्यात आहे, त्यामुळे काही मोठे व्हिडिओ आणि थोडे फोटो निघतील असा अंदाज. खुणा रिकाम्या जागेत पडल्या असतील तर त्या कुठल्याच फाइलीत दिसणार नाहीत. एक मात्र यादीत दिसणार नाही: एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलची नोंद साधारण १०२४ बाइटची असते, म्हणून नोंदींच्या तक्त्यातला एक ४०९६ बाइटचा सेक्टर गेला तर चार फाइलींची नावंच गेली. डेटा आहे, पत्ता नाही.

तशांसाठी फोटोरेक. ते फाइलसिस्टम बघतच नाही, फाइलच्या सुरुवातीची ओळखीची अक्षरं शोधतं. जेपीईजी 'एफएफ डी८ एफएफ' ने सुरू होते, तशी प्रत्येक प्रकाराची सही असते. नाव, फोल्डर, तारीख काहीच मिळत नाही. 'रिकप-डिर' नावाच्या फोल्डरांत सेक्टर नंबरच्या नावाने ढीग पडतो. फॉरमॅटच्या यादीत सगळं सोडून फक्त हवं ते टिकवा, नाहीतर लाखभर टेक्स्टचे तुकडे निवडत बसाल. तुकड्यातुकड्यांत विखुरलेल्या फाइली, विशेषतः तुमची पीएसटी, फोटोरेकने धड येत नाहीत. पीएसटी डीएमडीईनेच काढा, ती खुणेच्या यादीत आली तर आउटलुकबरोबर येणाऱ्या स्कॅनपीएसटी या दुरुस्ती साधनातून प्रतीवर फिरवा.

---

कथील:

विषय निघालाच आहे तर: हे सगळं फिरणाऱ्या डिस्कचं झालं. एसएसडीवर पुसलेल्या फाइलींना फोटोरेक वगैरे लावून वेळ घालवू नका. विंडोज फाइल पुसल्याबरोबर ट्रिम ('ही जागा आता नको' असा एसएसडीला निरोप) पाठवतं, त्यानंतर ती जागा वाचली तर शून्यं येतात. क्विक फॉरमॅटलाही तेच. काही एसएमआर पद्धतीच्या (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) हार्ड डिस्काही ट्रिम मानतात, तेव्हा 'हार्ड डिस्क आहे, पुसलेलं मिळेल' हे आता सरसकट खरं नाही.

---

पाणचक्की:

यादी आली: अकरा फाइली. सात व्हिडिओ, तीन जेपीईजी, एक पीएसटी. व्हिडिओ चालतात, मधे क्षणभर हिरवे चौकोन येतात. दोन फोटो खालून अर्धे गेले. पीएसटी स्कॅनपीएसटीने दुरुस्त झाली, काही मेल 'हरवलेले' फोल्डरमध्ये आले. राहिलेला एक फोटो अजिबात उघडत नाही, आणि नेमका तोच हवा आहे. त्याच जागा पुन्हा वाचून बघू का? शेवटी ही डिस्क शून्यं भरून पुन्हा वापरता येईल का?

---

टर्मिनलतात्या:

बाकी सगळं दुसरीकडे उतरवलं असेल तर बघा. पार थंड डिस्क, पंखा, तोच मॅप, 'डी' आणि छोट्या 'आर' पुढे ३, एकदा सरळ आणि एकदा मोठा 'आर' देऊन उलट. सेक्टर एका बाजूने वाचता येत नाही तो कधी दुसऱ्या बाजूने येतो. मिळालेला सेक्टर इमेजमध्ये खुणेच्या जागी आपोआप लिहिला जाईल. मग तो एक फोटो डीएमडीईने पुन्हा काढा आणि त्यात खुणेचा शब्द उरला का बघा. फोटो उघडतच नाही म्हणजे दुखावलेला भाग बहुधा फाइलच्या अगदी सुरुवातीला आहे, हेडरमध्ये. तो सेक्टर नाहीच आला, तर त्याच कॅमेऱ्याच्या त्याच रिझोल्यूशनच्या दुसऱ्या फोटोचं हेडर जोडून काही जण चित्र उघडतात. मोबाइलच्या फोटोत आत छोटी थंबनेल असते, तीही वाचली असेल तर मिळते.

शून्यं भरली की सी५ शून्यावर येईल, ०५ वाढेल किंवा नाही वाढणार. सी५ च्या त्या शून्यावर जाऊ नका. तीनदा यादीतून गळलेली डिस्क आहे. वॉरंटीत असेल तर शून्यं भरून परत करा, नसेल तर शून्यं भरून ई-कचऱ्यात. पण हे सगळं त्या फोटोचा निकाल लागल्यावर.